ताणाला उतरलेला पट्टा

सोलापूर,
२३ फेब्रुवारी २०२५

प्रिय दीपकदादा,

जयभीम.

आईचा गुडघा आता बराय, जिना एकटी उतरते. वहिनीची शेंगाचटणी पोचली. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र.

मला कारखान्यातून काढलं, हे तुला माहीतच आहे. मी रडले नाही.

दादा, पॉलिस्टरचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. गरम धागा पुरेसा ताणला की त्या एका दिशेनं सरळ, दाटीनं बसतात आणि सगळ्या मिळून ओझं पेलतात. कमी ताणला तर वेड्यावाकड्या राहतात, ओझं मोजक्याच साखळ्यांवर येतं. धागा सारखा तुटतोय म्हणून तू यंत्रावरचा ताण कमी केलास. त्या धाग्याचा सुरक्षा-पट्टा मी तपासला, तर ठरलेल्या भाराच्या निम्म्यावरच तुटला.

कारखान्याचे महिपती साहेब म्हणाले, "डोळ्यांना काय फरक दिसतोय?"

"डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तर मला ठेवलंय की."

मी तपासणीच्या अहवालावर सही केली नाही. मग आईला दवाखान्यात न्यायला दोन दिवस रजेवर गेले. परतले, तर माल पुण्याच्या कंपनीला गेलेला. अहवालावर माझं नाव, माझी सही. 'प्रि'ची वेलांटी तू लहानपणापासून काढतोस तशीच. पाटीवर माझं नाव मला तूच लिहायला शिकवलंस.

तुझ्यावरही साहेबांचा दबाव होता, ठाऊक आहे. तरीपण उरलेला तुकडा घेऊन मी पुण्याला गेले. कंपनीच्या लोकांनी तो माझ्यासमोर तपासला आणि सगळे पट्टे थांबवले. मग विचारलं, "ही सही कुणाची?"

मला खोटं बोलता आलं असतं. शिकायला शहरात तूच आणलंस, फी तूच भरलीस. सगळं आठवलं.

"माझ्या भावाची," म्हटलं.

पुढच्या आठवड्यात त्यांची माणसं कारखान्यात चौकशीला येतायत. तू आधी आपणहून सांग. नाही सांगितलंस, तर मी परत सांगेन.

आईला सगळं सांगितलंय. ती म्हणाली, "त्या पट्ट्याला कोण लटकणार हुतं?"

"विजेच्या खांबावरची माणसं."

"मग बरं केलंस."

घरी ये. भांडायला आलास तरी ये, ताट वाढून ठेवीन. पण माफी मागणार नाही.

तुझ्याविरुद्ध बोललेली, तरी तुझीच बहीण,
बुद्धप्रिया