दारू सोडवली म्हणून गेला, असे म्हणणाऱ्यांसाठी

मृत्युपत्र लिहून ठेवते मी, अंजना कुंडलिक तोत्रे, वय अडुसष्ट, राहणार पेठ, तालुका आंबेगाव, ते असे की, माझे मन ठिकाणावर आहे, कोणी भरीस घातलेले नाही, आणि माझ्यामागे माझ्या मिळकतीची व्यवस्था खालीलप्रमाणे व्हावी.

१. माझ्या नावचे दोन खोल्यांचे घर एकुलती मुलगी वृषाली हिला द्यावे. ती नाशिकला असते. तिने विकले तरी हरकत नाही. इथे एकटीने राहणे काय असते ते मला ठाऊक आहे.

२. माझे यजमान कै. कुंडलिक विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. त्यांचे पाने आणि वाइंडिंगचे मशीन दिरांचा मुलगा पप्पू याला द्यावे. तो पितो. तरी अट घालत नाही. अट घालून कोणाची सुटलेली मी पाहिली नाही.

३. दीर गेणभाऊ यांना काही देत नाही. यजमानांच्या दशक्रियेला त्यांनी घाटावर माइक हातात घेऊन सांगितले, "भाऊ धडधाकट व्हता. वहिनीनं दारू सोडवली, म्हणून गेला." तेव्हापासून माझ्या ओट्यावर कोणी टेकत नाही.

खरे असे, की यजमान तीस वर्षे रोज प्यायले. पुढे चालताना पाय घासू लागले, हातातल्या पान्याचे नाव आठवेना. मी त्यांना दवाखान्यात ठेवून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू सोडवली. स्कॅन पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, इतकी वर्षं पिऊन मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या जाड आणि कडक झाल्यात. रक्त आतपर्यंत पोचत नाही. सोडवलीत ते चांगलंच केलंत, पण झालेलं भरून येणार नाही." दोन वर्षांनी त्यातलीच एक फुटली.

ती दोन वर्षे ते न पिता शुद्धीत होते. लग्नापासून ज्याची वाट पाहिली तो माणूस संध्याकाळी घरात बसलेला असायचा, आणि मला विचारायचा, "बाई, तुमी कुनाच्या?" मी म्हणायचे, "हितलीच."

४. त्यांचे कपडे वाटू नयेत. माझ्याबरोबर जाळावेत.

नोंद : दुसरा साक्षीदार मिळेना, म्हणून दिरांनाच बोलावले. त्यांनी तिसरे कलम दोनदा वाचले. म्हणाले, "वहिनी, हे मला कुनी सांगितलं न्हाई."

"तुमी इचारलं न्हाई, भावजी."

कलम खोडा असे ते म्हणाले नाहीत. सही केली. चहा ठेवला होता, तो न घेता गेले.

लिहून ठेवणार : अंजना कुंडलिक तोत्रे

साक्षीदार :
१. आरती एरंडे, आशा कार्यकर्ती
२. गेणभाऊ तोत्रे

पेठ, दि. १४ नोव्हेंबर २०२५