गाढ झोपेचे तास

४ जून
आज लेकीकडे मुक्काम हलवला. खोली पूर्वेची, उशी नवी, बॅग जावईबापूंनी स्वतः वर आणली. कुरकुरीला जागाच ठेवली नाही मेल्यांनी. निवृत्तीपासून नैराश्याने पिच्छा पुरवलाय: रात्रभर डोळ्याला डोळा नाही, दिवसा चहाचा कप उचलायलाही दम लागतो. उद्यापासून त्यावर दवाखान्यात उपचार, डोक्याला चुंबकाचे ठोके. तीस बैठका.

५ जून
खुर्ची दंतवैद्याकडे असते तशी. तंत्रज्ञ बाईंनी आधी माझा अंगठा आपोआप उडेपर्यंत चुंबक सरकवला, डोक्यावर चढवलेल्या टोपीवर त्या जागेची खूण केली, मग तो कपाळाच्या डाव्या बाजूला टेकवला. टकटकटक, सुतारपक्षी बसल्यासारखा. मला आजी म्हणाल्या, स्वतः पन्नाशीच्या. म्हटलं, आजी तुमच्या घरी. रोज तक्त्यात झोपेचे तास लिहायचे. नन्सच्या शाळेत शिकलेय, खोटा आकडा पडणार नाही.

१२ जून
सात तास. वर्षभरात पहिल्यांदाच.

१७ जून
अकरा. लेक सांगते, काल संध्याकाळी मी शेजारणीशी मनमोकळी हसले, जावयाची माफीही मागितली. काल चारपासून मी झोपले होते. आणि माफी? मी? कुठेतरी पाणी मुरतंय.

२० जून
चौदा. डॉक्टर खूश, ठोके वाढवू म्हणाले. सांगितलं, मी झोपले की माझ्या अंगात भलतीच बाई वावरते. त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती म्हणाली, आई दिवसभर टवटवीत असते. त्यांनी लिहून घेतलं: थकवा नाही. मी समोर बसलेली असून.

२३ जून
एकोणीस. उपचार थांबवा म्हणून डॉक्टरांना चिठ्ठी दिली. त्यांनी माझंच परवाचं पत्र दाखवलं. आणखी तीस बैठका हव्यात. अक्षर माझं, सही माझी —

२५ जून
बावीस. लेकीचा हात धरून सांगितलं, मी ही आहे, ती नव्हे. तिला रडू फुटलं.
"आई, परवा पहिल्यांदा मला जवळ घेतलंस. तशीच राहा ना."
म्हणजे हिला माहीत आहे.

२८ जून
जागेपणाची पाच-दहा मिनिटं असतील — पळायचं — दाराला बाहेरून कडी.
लेक पलीकडून विचारतेय, कोण उठलंय. 'ती' असेल तर उघडेल. गोड आवाज काढून पाहते.
बाळा म्हटलं. जमलं. पुन्हा म्हटलं — फारच सहज जम