ठकीचे दात

१२ जून

चि. बाबूस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तू गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणते, पण शाळांचे गणवेश शिवायला आलेत आणि मशीनवरून उठायला फुरसत नाही.

ठकी बरी आहे. पोटभर जेवते, ह्यांच्या चपला घालून घरभर मिरवते. काळजी आहे ती चावण्याची. वहिनी गेली आणि तू पोर माझ्याकडे सोडलंस, तेव्हा वाटलं होतं, हळूहळू थांबेल. आता पाळणाघराच्या बाईंनी बजावलंय, पुन्हा चावली तर घरीच ठेवा. तिथे ती झोपलेल्या मुलांना चावते. घरी ह्यांचा जरा डोळा लागला की दंडावर दात. आमच्या कुंभकर्णाची झोप मोडायला मला इतकी वर्षं जमलं नाही, ते तिला जमलं.

मी मारत नाही, ओरडत नाही. तिच्यासमोर खाली बसून चावायचं नाही, दुखतं, एवढंच सांगते. आधी चावलेल्या माणसाचं बघते, मग तिला जवळ घेते. दर वेळी हेच, आणि घरातल्या सगळ्यांनी हेच. हे आधी हसायचे, त्यांची कानउघाडणी केली. जरा उतार पडत होता, तेवढ्यात तू आलास. दुपारी तुला चावली, तर तू तिला छातीशी धरून हसलास. सगळं मुसळ केरात. असं का केलंस, ते मोकळेपणाने लिही.

रागावले असले तरी माया तेवढीच आहे, हे ध्यानात ठेव.

तुझी,
अक्का


२० जून

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा राग रास्त आहे. तुला सांगायचं राहिलं, कारण सांगायला गेलो की दुसरंच काहीतरी बोलून जातो.

शेवटी शेवटी औषधाने ठकीची आई सारखी गुंगीत असायची. ठकी हाका मारून मारून रडकुंडीला यायची. एकदा तिने आईच्या मनगटाला चावा घेतला आणि हिने डोळे उघडले. हसलीसुद्धा. मला म्हणाली, पोरीला रागवायचं नाही, हाक ऐकू येत नाही पण तिचे दात कळतात. मग तो रोजचाच खेळ झाला. भट्टीवरची कामाची पाळी संपवून घरी आलो की मीच ठकीला पलंगावर ठेवायचो आणि आईला उठव म्हणायचो. शेवटच्या सकाळीही ती चावली. पुन्हा चावली. मग मी तिला उचलून बाहेर नेलं.

अक्का, तिला आईचा चेहरा आठवणार नाही, आवाज आठवणार नाही. आईचं म्हणून तिच्याजवळ एवढंच आहे. ते तू काढून घेऊ नकोस. पाळणाघर सुटलं तर सुटू दे, मी काहीतरी बघेन. दाजींना नमस्कार.

पदरात घेतलं आहेस, तसंच असू दे.

तुझा,
बाबू


२८ जून

चि. बाबूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवताना मध्येच थांबले, पुढचं त्यांनी वाचलं. त्या दिवशी मशीनला हात लावला नाही.

तरीही ऐक. मी थांबणार नाही. तिच्या दातांत तुला वहिनी दिसते. पाळणाघरातल्या पोरांना नुसते दात लागतात, आणि ती तिच्यापासून लांब पळतात. परवा पाळणाघराच्या अंगणात एकटीच उभी होती. वहिनीला हे बघवलं असतं का, तूच सांग.

पण पोर बिचारी चावत नाही, उठवते आहे, हे मला माहीत नव्हतं. आता तिला शिकवते आहे की उठवायचं असेल तर गालावर हात ठेवायचा. हात लागला की आम्ही लगेच डोळे उघडायचे, कितीही झोप असो. ह्यांनी कबूल केलंय, आणि चक्क पाळतात. चावली तर मात्र पहिल्यासारखंच. तू येशील तेव्हा तुलाही हेच करावं लागेल. तुझ्या एकट्यासाठी वेगळा नियम ठेवला तर पोर गोंधळेल.

कठोर वाटले तरी आपलीच समज.

तुझी,
अक्का


२ ऑगस्ट

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पोचलो. तू दिलेला सदरा अंगाला अगदी मापात बसला. निघताना तुझ्याशी नीट बोललो नाही, म्हणून लिहितो.

तुझ्याकडे आलो त्या पहिल्या दिवशी ठकी चावली, तेव्हा तू दारात उभी होतीस. मी उठून बसलो आणि तू सांगितलं होतंस तेच म्हणालो. माझ्या तोंडून ते ऐकून ती किती रडली, तू पाहिलंस. मला स्वतःची शरम वाटली. तू मान डोलावलीस म्हणून मी मागे हटलो नाही.

निघायच्या दुपारी तू गिऱ्हाईकाकडे गेली होतीस. मी पडलो होतो. ठकी आली आणि तिने माझ्या गालावर हात ठेवला. लगेच डोळे उघडायचे, हे ठरलेलं होतं. मी उघडले नाहीत. मिटूनच राहिलो. एकदा, शेवटचं एकदा तिने चावावं म्हणून वाट बघत राहिलो. ती चावली नाही. हात तसाच ठेवून बसून राहिली. मी उठेनच, याची तिला खात्री होती.

मग मी डोळे उघडले. ती हसली आणि खेळायला पळाली.

तुझंच बरोबर होतं. दाजींना नमस्कार, ठकीला पापा.

माझ्यावर जीव आहे तसाच असू दे.

तुझा,
बाबू