बिट्टीच्या केसांचा मेन्टेनन्स

२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ७.५०
ही आज ट्रेनिंगला गेली. सहा आठवडे. हॉस्पिटलने सगळ्या नर्सेसमधून हिलाच निवडलं. अभिमान आहे. जाताना दारात उभी राहून सूचनांचा पाढा. गॅस, डबा, दूध आणि बिट्टीचे केस. नाजूक आहेत, जपून, असं तीनदा. अकरा वर्षांच्या पोरीचं डोकं ते केवढं! बावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय. दोर, ताण, ग्रीस यातलं मला नाही कळणार तर कुणाला?
स्टीलच्या टेपने केस मोजून ठेवले. अठ्ठेचाळीस सेंटिमीटर. ही परत येईल तेव्हा पन्नास दाखवायचे.

५ सप्टेंबर, गुरुवार
नवी पद्धत बसवली. आंघोळ झाली की ओल्या केसांवरच बारीक दातांचा कंगवा, टाळूपासून खालपर्यंत एकच ओढ. मग ड्रायर फुल. सहा मिनिटांत काम फत्ते. हिला वीस लागायची. बिट्टी ओरडते. सवय नाही अजून.

८ सप्टेंबर, रविवार
बेसिनमध्ये केस. बरेच. भिंगाखाली पाहिले. एकालाही मूळ नाही. म्हणजे गळत नाहीत, नुसते तुटतायत. जीव भांड्यात पडला. पाया शाबूत आहे.
कारण पहिलं: टाकीतलं पाणी जड आहे. कारण दुसरं: बायकोचं माहेर. तिकडे सगळ्यांचेच केस कोळिष्टकासारखे. हे दुसरं कारण फोनवर काढलं नाही.
ही म्हणाली, आधी टोकं सोडव, मग हळूहळू वर जा. हो म्हटलं. शेंड्यापासून सुरुवात करून कुणाचं काम झालंय?

१३ सप्टेंबर, शुक्रवार
उपाय सापडला. ताण. दोर सैल असला की हलतो, हलला की घासतो, घासला की तुटतो. वेणी अशी आवळली की बिट्टीच्या भुवया वर गेल्या. शाळेतून आली ती डोकं धरून. उन्हामुळे असणार. आज ऊन नव्हतं, पण कालचं असेल.

१७ सप्टेंबर, मंगळवार
प्रोटीनचं क्रीम आणलं. दुकानातली बाई म्हणाली, आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं. बाई सावध स्वभावाची. आठवड्यातून एकदाने काय होणार? रोज लावायचं. अर्धा तास.

२० सप्टेंबर, शुक्रवार
केस मजबूत झाले. इतके की वाकत नाहीत. वेणी घालताना कडकड आवाज येतो. कपाळावर आखूड केस ताठ उभे राहतात. मी म्हटलं, बघ, नवीन उगवतायत! बिट्टीने आरशात बघून विचारलं, बाबा, नवीन केस टोकाला फाटलेले असतात का? प्रत्येक गोष्टीत शंका. आईवर गेली आहे.
वर्गात तिला साळिंदर म्हणतात म्हणे. पोरं काय, कशालाही हसतात.

२४ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ७.१०
उशीर झालेला. तिकडे एका इमारतीत लिफ्ट अडकलेली, फोनवर फोन. कंगवाही नेमका अडकला. जरा जोर लावला. कानावरची बोटभर जाड बट हातात आली. बिट्टी ओरडली नाही. ते जरा विचित्र वाटलं. मी बट खिशात कोंबली आणि म्हटलं, सुटला गुंता.
दुपारी साहेबांसमोर स्क्रूड्रायव्हर काढला, तर सोबत बट बाहेर. साहेबांनी विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? म्हटलं, एकदम.

२५ सप्टेंबर, बुधवार
बिट्टी टोपी घालून शाळेत गेली. उकडत होतं. कंगवा सापडत नाही. तिला विचारलं. माहीत नाही म्हणाली, पण माझ्याकडे न बघता. वयच तसं आहे.

२८ सप्टेंबर, शनिवार
शेजारच्या काकू सकाळीच आल्या आणि मला न विचारता बिट्टीला पार्लरमध्ये घेऊन निघाल्या. मीही गेलो. तांत्रिक माहिती द्यायला कुणीतरी हवं.
पार्लरवाल्या बाईंनी एक केस चिमटीत धरून हलकेच ओढला. काडीसारखा तुटला. म्हणाल्या, भाजलेत, ओढलेत, वर प्रोटीनचा मारा केलाय. ओल्या केसांत बारीक कंगवा कोण घालतं?
मी टाकीच्या पाण्याबद्दल तोंड उघडणार, तेवढ्यात बिट्टी म्हणाली, "मीच. मला सकाळी घाई असते."
बाई तिला रागावल्या. चांगली पाच मिनिटं. बाबांना तरी विचारायचंस, असंही म्हणाल्या. काकू माझ्याकडे बघत होत्या. मी भिंतीवरच्या अग्निशामक नळकांड्यावरची तारीख वाचत होतो. मुदत संपलेली होती.
जळलेला केस परत जुळत नाही, नवीन येईल तो जपायचा, असं बाई म्हणाल्या. मानेपर्यंत कापले. बिट्टीने मान झटकून बघितली. हसली. कितीतरी दिवसांनी.
वाटेत विचारलं, खोटं का बोललीस? म्हणाली, "तुझं तोंड बघवेना, बाबा."
आज टेप काढली नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार
ही आली. बिट्टीला बघून बॅग खांद्यावरच राहिली. माझं पाण्यावरचं वाक्य पाठ होतं. बिट्टी लगेच म्हणाली, मीच कापायला सांगितले.
मग मला राहवेना. म्हटलं, मी केलं. ड्रायर, प्रोटीन, घट्ट वेणी, ती बट. सगळं सांगितलं.
ही म्हणाली, माहीत आहे. काकूंनी त्याच दिवशी फोन केला होता. तू कधी सांगतोस, याची वाट बघत होते.
पंधरा दिवस रोज फोनवर मी 'केस उत्तम' म्हणत होतो. ही रोज 'अरे वा' म्हणत होती.

१५ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ७.२०
बिट्टी आता स्वतःच विंचरते. मला कंगवा, ड्रायर, क्रीम, कशालाही हात लावायचा नाही. पण अगदीच बाजूला ठेवलेलं नाही. शेजारी उभं राहून दोन क्लिपा धरायच्या, मागेल तेव्हा द्यायच्या. जबाबदारीचं काम आहे.
आज एक बेसिनच्या भोकात गेली.
बिट्टीने हात पुढे केला आणि दुसरीही काढून घेतली.