पडद्याशी गप्पा

प्रिय ताई,

उद्या लिहितो, परवा लिहितो करत पत्र राहूनच गेलं. आळस, दुसरं काय! मधे बोटींना रंग लावायचं काम केलं. तिथला मुकादम झोपेतसुद्धा शिव्या द्यायचा, एकदा तर... ते राहू दे. सध्या मी ग्रंथालयात पुस्तकं लावतो. हसू नकोस.

इथे ‘माहिती कशी शोधावी’ असा वर्ग भरतो. सगळ्यांसाठी खुला म्हणे! ग्रंथपाल साहेब दिवे घालवतात आणि आमच्याकडे पाठ करून पडद्याशी गप्पा मारतात. इथे क्लिक करा, तिथे शब्द टाका. पुढच्याच खुर्चीवर कापड रंगवायच्या कारखान्यातली एक बाई होती. तिला ऐकू येत नाही, ती ओठ वाचते. तिच्या हातांची सालं निघताहेत आणि कारखान्याचा डॉक्टर म्हणतो, साबण बदला. कुठला रंग हात जाळतोय, ते तिला स्वतः शोधायचं होतं. शेवटी साहेबांनी विचारलं, कळलं ना? सगळ्यांनी माना डोलावल्या, तिनेही डोलावली. मग तिलाच बोटाने पुढे खुणावून म्हणाले, करून दाखवा. तिला जमेना. तर हा गृहस्थ म्हणतो कसा, लक्ष द्यायचं नसेल तर येता कशाला? आणि हे मात्र दिवे लावून, तिच्याकडे तोंड करून! सबंध तासात तिला तेवढंच एक वाक्य कळलं. ती उठून गेली.

माझं डोकंच फिरलं. आपल्याकडे वीज गेली की तू भरल्या ताटावरून उठायचीस. आई म्हणायची, रुसली. रुसली कसली! आमची तोंडं दिसेनाशी झाली की तुझ्यापुरतं घरच गप्प व्हायचं. हे मला कळतं, आणि शिकवायचा पगार घेणाऱ्याला कळू नये? साहेबांना तोंडावर सुनावलं. ते म्हणाले, एवढा शहाणा आहेस तर पुढच्या आठवड्यात तूच शिकव. मीही ऐटीत हो म्हणून बसलो. मी, नववी नापास!

म्हणून हे पत्र. बाईला चिठ्ठी लिहून बोलावलं, तर तिने ती चुरगाळून माझ्याच हातात दिली. तू शाळेत कशी शिकलीस ते लिही. आधी बोलू आणि मग दाखवू, की सगळं लिहूनच हातात देऊ? आणि एकदा अपमान झालेल्या माणसाला परत कसं...

थांब. ग्रंथालयाच्या दारात तीच उभी आहे! एकटी नाही, कारखान्यातल्या आणखी तिघींना घेऊन आलीय. त्या तिघींनीही आपले हात ॲप्रनच्या खिशात लपवलेत. तुझ्या उत्तरापर्यंत थांबता येणार नाही, ताई. खुर्च्या गोल मांडायला घेतो.

तुझाच,
भिंगरी