शेवटच्या सुरावरचा हात

शनिवार, ८ नोव्हेंबर

ही रोजनिशी ज्या बियाणे कंपनीने फुकट दिली तिच्याविरुद्ध आज रीतसर तक्रार नोंदवतो. सोमवार ते शनिवार प्रत्येकी एक अख्खं पान. रविवारला अर्धं. उरलेल्या अर्ध्यावर संकरित वांग्याचं रंगीत चित्र. नोव्हेंबर उजाडला तरी सवय होत नाही. रविवारी माणसाला काही होत नाही, जे काही व्हायचं ते वांग्याला होतं, असं कंपनीचं मत दिसतं. माझ्या आयुष्यातल्या बऱ्यावाईट गोष्टी बहुतेक रविवारीच झाल्या, लग्नासकट.

उद्याही रविवार. भाची रेणूची विभागीय स्केटिंग स्पर्धा, नागपूर. पहिल्या दोघी राज्यावर जाणार. माझी बहीण सिंधू आणि भाऊजींनी मुलीशी ठराव केला आहे: राज्यावर गेलीस तर बारावीतही स्केटिंग, नाही गेलीस तर बूट खुंटीला. भाऊजी शब्दाचे पक्के. दुर्दैवाने.

सिंधूने फ्रॉक शिवला. आपल्या घरच्या मागावरचं शेवटचं कोसा रेशीम, काठ कमरेला. माग विकून नऊ वर्षं झाली, कापड तेवढं राखून ठेवलं होतं तिने. मी म्हटलं, एवढं सुंदर कापड घालून चाकांवर उड्या मारायच्या? सिंधू म्हणाली, "दादा, तुम्ही पेपरात लिहा, कापडात बोलू नका."

सकाळी ६ची बस. मामा या नात्याने पाण्याच्या बाटल्या माझ्याकडे.

रविवार, ९ नोव्हेंबर

तिसरी. ०.४ने.

एकदाही पडली नाही. दुसरी आलेली पोरगी दुसऱ्या उडीला सपशेल बसली, सगळ्या सभागृहाने पाहिलं, आवाजही ऐकला. ती दुसरी. आमची उभी राहिलेली तिसरी. हे कुठल्या शास्त्रात बसतं?

राग एवढा आहे की अक्षर वांग्यावर चाललं. जागा सं

सोमवार, १० नोव्हेंबर

आज पान मोठं आहे. नीट लिहितो.

तीन परीक्षक. मधल्या बाई पहिल्या आलेल्या मुलीला आठवडाभर शिकवतात आणि रविवारी तिला गुण देतात. मी विचारलं, हे चालतं का? आयोजक म्हणाले, विदर्भात परीक्षक मिळतात कुठे. म्हणजे टंचाई हाच न्याय. न्यायशास्त्रात मी पाच वर्षं घालवली, हेत्वाभासांचे सगळे प्रकार पाठ केले, हा त्यात नव्हता.

पहिल्या मुलीबद्दल तक्रार नाही. चांगली आहे. तिला त्या बाईंची गरजच नव्हती, हे आणखी वाईट.

निकालानंतर रेणू स्वतःहून बाईंकडे गेली. काय सुधारू, विचारलं. बाई गोड हसल्या. "छान करतेस बेटा. पण जरा गावाकडचं वाटतं. आणि हा फ्रॉक... साडीचा आहे का?"

मी मागेच उभा होतो. म्हटलं, "कोसा आहे बाई. घरच्या मागावरचा."

"ओके," बाई म्हणाल्या.

ओके! पाच पिढ्यांच्या मागावर दोन अक्षरांत निकाल. त्यांना मी काय काय बोलायला हवं होतं ते बसमध्ये सुचलं, अलंकारांसकट. रेणू शेजारी संत्रं सोलत होती. म्हणाली, "चूक माझीच झाली, मामा."

तिथून मी जो सुरू झालो तो उमरेडपासून भिवापूरपर्यंत. स्वतःला दोष द्यायचा नाही, अन्यायाला अन्याय म्हणायचं, आपण लहान गावचे म्हणून मान खाली घालायची नाही वगैरे. कंडक्टरनेही ऐकलं. रेणू खिडकीकडे बघून मधून मधून "हाव" म्हणत राहिली. अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

बातमी लिहिली. सहाशे शब्द. मथळा: परीक्षकच प्रशिक्षक, तर न्याय कुणाचा? बावीस वर्षांच्या वार्ताहरकीतली माझी सर्वात सरळ बातमी. एकही संस्कृत शब्द नाही. सायंकाळी पाठवली. डेस्कचा मुलगा फोनवर म्हणाला, "शास्त्रीबुवा, जोरदार आहे."

त्याच्या जोरदारचा अनुभव असल्याने जेवण बेताचं केलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

छापून आली. चार ओळी. "पवनीच्या रेणूचे घवघवीत यश. विभागीय स्केटिंग स्पर्धेत तृतीय. सर्व स्तरांतून अभिनंदन."

सर्व स्तर सकाळपासून घरी येत आहेत. पोस्टमास्तर आले. तलाठी आले. मागच्या गल्लीतले काका पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "तिसरी म्हणजे काही कमी नाही, पूर्ण विभागातून ना?" मग खालच्या आवाजात विचारलं, हे स्केटिंग म्हणजे ते बर्फावरचं का. म्हटलं, काका, आपल्याकडे बर्फ रसवंतीत मिळतो, म्हणून आम्ही सिमेंटवर भागवतो.

पेढे खाल्ले. अन्यायाचे पेढे. चव चांगली होती, त्याचाही राग आला.

सायंकाळी रेणू आली, कात्रण वाचलं. मी म्हटलं, "बघ, सहाशेतून पाचशे नव्वद शब्दांचं तर्पण करून टाकलं डेस्कने." ती हसली. मीही हसलो. डेस्कशी भांडण एकदाच केलं होतं, पहिल्या वर्षी. त्यानंतर हसतो. सोपं जातं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

भंडाऱ्याच्या सरांनी, म्हणजे रेणूच्या प्रशिक्षकांनी, गुणपत्रकाचा फोटो पाठवला. सादरीकरणाचे गुण मधल्या बाईंनी कंजूषपणे दिले आहेत, ते अपेक्षित होतं. पण खाली एक रकाना आहे. फॉल: १. वजा १.००.

फॉल? माझ्या डोळ्यांसमोर पूर्ण साडेतीन मिनिटं झाली. बसलेल्या मुलीलाही वजा एक, उभ्या मुलीलाही वजा एक! हा एक काढा, रेणू दुसरी. राज्यावर.

चष्मा फेकला. सापडला, एक काडी वाकडी.

संघटनेच्या पदाधिकाऱ्याला फोन केला. आवाज चढला माझा, हे मान्य. तो शांत. म्हणाला, "हात टेकला ना तिनं शेवटी. संगीत चालू होतं. पंचांच्या दृष्टीनं तोल गेला."

"तोल गेला नाही."

"मग काय केलं? मुद्दाम असेल तर खेळाडूच्या सहीनं लिहून द्या, सोमवारपर्यंत. समिती बघेल. देवाधर्माचं कारण देऊ नका पण, तसा रकाना नाही."

फोन ठेवल्यावर त्याचं शेवटचं वाक्य डोक्यात राहिलं. देवाधर्माचं कारण. मी तर काही बोललोच नव्हतो. त्याला कसं कळलं?

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

व्हिडिओ पाहिला. रविवारी मीच काढला होता, शेवटी टाळ्या वाजवायच्या नादात फोन हलला म्हणून पुन्हा पाहिला नव्हता. आज सात वेळा.

शेवटची गिरकी. गिरकी मंदावते, रेणू खाली बसत येते, उजव्या हाताची बोटं जमिनीला, मग तीच कपाळाला. पदाधिकाऱ्याला देवधर्म कुठून दिसला ते कळलं. सुरेख. आणि सूर अजून चालू. दीड सेकंद.

आता हेही लिहायलाच हवं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. पवनीत गुळगुळीत जमीन एकच, कोंढा रोडवरच्या राईस मिलचं धान सुकवायचं पटांगण. मालकाने परवानगी दिली. फुलाबाईने नाही. फुलाबाई तिथे धान पसरवते, उलटवते, तीस वर्षं. तिचं म्हणणं, जिथे धान लोळते तिथे चपलाच कोणी घालत नाही, ही पोरगी चाकं घालून नाचणार? मालकही तिच्यापुढे गप्प. मग मला बोलावलं, संस्कृत शिकलेला म्हणून. मी मिलच्या उंबरठ्यावर बसून व्यवस्था, म्हणजे शास्त्राचा निवाडा, दिली: बूट चढवल्यावर आधी जमिनीला हात लावून कपाळाला लावावा, नाचून झाल्यावर पुन्हा लावावा, म्हणजे भूमीची क्षमा मागून झाली. फुलाबाईने विचार केला आणि म्हणाली, "असं असल तं चालते." रेणू बारा वर्षांची होती. त्या दिवसापासून एकदाही चुकली नाही.

इथवर ठीक. संगीत थांबल्यावर हात लावला तर कोणाचं काय जातं.

पण यंदा दिवाळीच्या सुमारास मी पटांगणावर बसून बघत होतो. आणि मी, ज्याला कोणी विचारलं नव्हतं, म्हणालो: रेणू, तो नमस्कार अगदी शेवटच्या सुरावर बसव. काय देखणं दिसेल.

तिने बसवला.

आठवडाभर मी ज्याला शोधत होतो तो घरीच जेवत होता.

(मधल्या बाईंवरचा राग कायम. तो वेगळ्या खात्यात.)

शनिवार, १५ नोव्हेंबर

सकाळी पटांगणावर गेलो. कालपासून धान आलं आहे. इकडून तिकडे पिवळंच पिवळं, वाफ निघते आहे, आता उन्हाळ्यापर्यंत जागा बंद. रेणू कडेला अनवाणी उभी होती, बूट गळ्यात लटकवलेले. फुलाबाई पायाने धानात रेघा ओढत होती.

मी सगळं सांगितलं. तोंडी माफी मागायची सवय नाही, बरीच वळणं घेतली. फुलाबाईनेच मध्ये तोडलं.

"जमिनीले हात लावला तं मार्क कापले? कोण्या गावचे व्हत थे?"

म्हटलं, नागपूरचे.

"मंग बराबर," ती म्हणाली आणि पुढच्या रेघेला लागली.

रेणूला विचारलं, तुला कधी कळलं? म्हणाली, तिथेच. हात खाली गेला तेव्हाच मधल्या बाईंनी शेजारणीकडे बघितलं आणि लिहिलं, ते दिसलं. म्हणजे बसमध्ये "चूक माझीच" म्हणाली ती उगाच नव्हे. सांगायचा प्रयत्न करत होती, आणि मी उमरेड ते भिवापूर भाषण केलं.

"मग बोलली काहून नाही?"

"तुम्हाले वाईट वाटलं असतं. तुम्हीच तं सांगितलं होतं."

मी कागद काढला. रात्रभर नाही, पण सकाळचे दोन तास घालून लिहिला होता. हात तोल जाऊन टेकला नाही, रचनेचाच भाग म्हणून मुद्दाम लावला, वजा केलेला गुण परत द्यावा. परीक्षक व प्रशिक्षक एकच असल्याबद्दलही एक परिच्छेद. सहीची जागा खाली.

तिने वाचला. सावकाश. घडी करून परत दिला.

"तोल गेला असंच राहू द्या ना मामा. थेच पाहिजे त्यायले. कायले भांडता."

"राज्यावर जायचं नाही तुले?"

"जायचं आहे."

"मग?"

ती धानाकडे बघून हसली. "आपलं असंच राहते ना. डेस्कवाल्यायचं कसं, कापून राहिले तं कापून राहिले. तुम्ही म्हणता तसं, तर्पण."

मी कागद खिशात ठेवला. फुलाबाई रेघ सोडून आमच्याकडे बघत होती.

बूट तसेच गळ्यात घालून रेणू घरी गेली.

रविवार, १६ नोव्हेंबर

अर्धं पान. आज वांग्यावरही लिहिणार आहे, कंपनीने माफ करावं.

सकाळी सिंधू येऊन गेली. भाऊजींनी खिळा शोधून ठेवला आहे म्हणाली, अजून ठोकला नाही. कागद टेबलावर आहे. रेणू दुपारी येते म्हणाली होती. चार वाजून गेले. उद्या शेवटचा दिवस. तिच्या सहीशिवाय तो कागद म्हणजे माझीच आणखी एक बातमी.

बाईंचा राग आहे. संघटनेचा आहे. माझ्या त्या देखण्या सूचनेचा तर आहेच. पण खरं लिहायचं तर काळजी यातल्या कशाची नाही. आठवडाभर मी ओरडतो आहे, आणि जिचा गुण गेला ती एकदाही चिडली नाही. सोळा वर्षांची आहे. कोणी कापलं की हसून घ्यायचं, हे तिला कुठून आलं असेल ते मला ठाऊक आहे. लहानपणापासून माझ्याच ओसरीवर बसून कात्रणं वाचते. तिला राग येतच नसेल, तर मी काय करू, हे मला कळत नाही. मला भीती वाटते.

दाराशी बुटांच्या चाकांचा आवाज आला असं वाटलं. बघून येतो.