घड्याळजी आजोबांची शिकवणी

तीर्थरूप मामांना,

तुमच्या भाचीचा साष्टांग नमस्कार. (माझ्या खोलीत आडवं पडण्याइतकी जागा नाही, म्हणून तो मनातल्या मनात घातला आहे.) गुडघा कसा आहे? मामी तेल लावते तेव्हा कुरकुर न करता लावून घेता ना?

आधी बातमी सांगते, मग रामायण. मी इथल्या भाषेच्या तोंडी परीक्षेत पास झाले. दोनदा नापास झाल्यावर ही शेवटची संधी होती. ती हुकली असती तर वृद्धाश्रमातली ही परिचारिकेची नोकरी जाऊन महिन्याभरात मी सामानासकट तुमच्या दारात उभी राहिले असते. तुम्ही दोन वर्षं घासून घेतलेलं इथल्या भाषेचं व्याकरण चोख होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण बोलणं सगळं पुस्तकी. पहिल्याच दिवशी एका आजोबांना मी 'महोदय, आपली नाडी पाहण्याची अनुज्ञा असावी' अशा थाटाचं काहीतरी म्हणाले, तर त्यांना वाटलं जप्ती आली.

तेच माझे गुरू. घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेला. कान मंद (चुकलेला उच्चार मात्र नेमका ऐकू येई), त्यामुळे प्रत्येक वाक्य मला मोठ्याने चार-चारदा म्हणावं लागे. शब्द चुकला की ते तो घड्याळासारखा उघडायचे, एकेक अक्षर सुटं करून माझ्याकडून घासून घ्यायचे आणि परत बसवायचे. हे सगळं रक्तदाब मोजताना चालायचं, त्यामुळे माझाच वाढायचा. आठ महिन्यांत माझी जीभ अशी सुटली की मी बोलायला लागले की बरोबरच्या परिचारिका गालातल्या गालात हसायच्या. मला ते कौतुक वाटायचं.

परीक्षेत मी अर्धा तास न अडखळता बोलले. परीक्षक बाई लिहायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, "माझे पणजोबा अगदी असंच बोलायचे." निकालावर शेरा होता, 'भाषा ओघवती. दात तपासून घ्यावेत.' तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आजोबांच्या तोंडाचं बोळकं झालंय हे मी रोज बघत होते, पण गुरूचे दात मोजायचं शिष्याला कसं सुचणार? त्यांचा 'स' हिरड्यांतून फुसकन निसटतो, आणि मीही तो घोटून घोटून तसाच निसटवायला शिकले होते. मामा, व्याकरण तुमचं आणि जीभ त्यांची, म्हणून मी इथे टिकले. समोर असते तर हे तोंडातून निघालं नसतं, म्हणून लिहिते. तुम्हा दोघांचे उपकार मी विसरणार नाही.

मामीला नमस्कार.

तुमची भाची

ता. क. : आजोबांना परवा कवळी बसवली. आता ते खणखणीत बोलतात, आणि माझा 'स' ऐकून 'हे कुठून शिकलीस' म्हणून मलाच रागावतात.

आणखी एक ता. क. : पत्राचं खरं कारण राहिलंच. चिडले की मी मराठीत पुटपुटते, ती भाषा आजोबांना शिकायची आहे. मोठ्या अक्षरांची अंकलिपी पाठवा. वय शहाऐंशी. पुढच्या वर्षी तुम्ही फोनवरून तोंडी परीक्षा घेणार आहात, असं मी त्यांना ठोकून दिलं आहे. ते बोटांवर महिने मोजून म्हणाले, "म्हणजे तोपर्यंत राहायला हवं." तारीख तुम्हीच ठरवा, मामा. जरा लांबची द्या.